डावा कौल

१० जानेवारी १९७२, सोमवार
बारवेचे पाणी दिवाळीपासून बरेच खाली गेले. देवाची घागर भरून वर आलो तर तोंडाशी नवे डॉक्टर उभे. सामंत म्हणून, कोकणातले, वय तिशीच्या आत. पायऱ्यांवरच्या बायकांकडे बघत होते. कुणी पोटरीभर पाण्यात, कुणी घोटाभर. एकीच्या पायाला चिंधी.
"गुरवबाबा, हे पाणी तुम्ही पिता?"
म्हटले, देवसुद्धा हेच पितो.
हसले. मग सभामंडपात बसून सांगत राहिले. नारू झालेला पाय पाण्यात गेला की त्यातून बारीक पिल्ले सुटतात, डोळ्यांना दिसत नाहीत. ती आपल्या पोटात जातात आणि वर्षाने कुणाच्या तरी पायातून दोरा बाहेर पडतो. "पाणी वाईट नाही, बाबा. पाय पाण्यात जातो ते वाईट. पायऱ्या बंद करून वरून दोराने शेंदा, दोन वर्षांत नारू हद्दपार."
मला स्वतःला दोनदा झाला. देहाचे भोग समजत आलो.

१७ जानेवारी
डॉक्टर घरोघर फिरत आहेत. आमचा मुलगा महादू त्यांच्याबरोबर, घरे दाखवायला. वरच्या आळीत एकाआड एका घरात नारू आहेच. बौद्धवाड्यात एकही नाही. डॉक्टरांना खरे वाटेना, पुन्हा गेले. लहानूबाबा आपल्या आडाच्या काठावर बसला होता. महादूने घरी येऊन त्याचे बोल सांगितले.
"डॉक्टरसाहेब, आमाला ह्यांनी पायऱ्या उतरू दिल्या न्हाईत. आमी आपले आडातून शेंदतो. म्हून आमचे पाय शाबूत हायेत. गावाचे लई उपकार."
महादू सांगताना हसत होता. मलाही हसू आले, मग थांबले. माझ्या बाबांनी बौद्धवाड्यातल्या बायकांना बारवेच्या तोंडावरून परत पाठवलेले मी लहानपणी पाहिले आहे. तेव्हा त्यात काही वावगे वाटले नव्हते.

३ फेब्रुवारी
जिल्हा परिषदेची मंजुरी आली. पायऱ्या बंद, वर कठडा, चार कप्प्या. सिमेंटच्या गोण्या चावडीत येऊन पडल्या. डॉक्टर खुशीत. सौ.ने त्यांना गूळ-शेंगदाणे दिले.

७ फेब्रुवारी
मंजुरीच्या कागदात शेवटी एक ओळ आहे, कठडा सर्वांना खुला. ती ग्रामसेवकाने पारावर वाचली आणि गावाचे तोंड फिरले. कालपर्यंत "बरं हुईल" म्हणणारे आज म्हणतात, पायऱ्या बुजवणं म्हंजी देवाची वाट बुजवणं. देवाच्या वाटेची आठवण कुणाला आजवर नव्हती. वर्षानुवर्षे ती वाट मी एकटा झाडतो.

१३ फेब्रुवारी, महाशिवरात्र
दिवसभर उभा. पाय भरून आले. भाऊसाहेब आले होते. आपल्याच गावचे, पंचायत समितीचे सभापती, आता जिल्हा परिषदेला उभे राहणार. अभिषेक झाल्यावर मला बाजूला घेतले.
"आबा, दोनी बाजूंनी माझी मानगूट धरलीय. वरची आळी म्हनती पायऱ्या ठेवा. बौद्धवाडा म्हनतो कठडा झालाच पायजे. मी कुणाला न्हाई म्हनू? न्हाई म्हनणाऱ्याला मतं पडत न्हाईत."
म्हटले, डॉक्टरांना विचारा.
"डॉक्टर काय, आज हाय, उद्या न्हाई. देवालाच विचारू की. देवापुढं कुणाचं काय चालतंय."

२१ फेब्रुवारी
कौल लावायचे ठरले. पुढच्या सोमवारी. मन लागत नाही. कारण सुचत नाही. कौल काय आजच लावतो आहे? लग्नाला, विहीर खणायला, बैल घ्यायला लोक येतातच.

२८ फेब्रुवारी, सोमवार
जसे झाले तसे लिहून ठेवतो.
बाबांची शिकवण, कौल सूर्य उगवताना लावायचा, वारा पडलेला असताना. उत्तरेच्या भिंतीत झरोका आहे, त्याची फळी लावून घ्यायची. देवाच्या उजव्या अंगाला समई असते ती दूर करायची. मग ओल्या अंगाने दोन्ही बाजूंना एकेक ओली फुलाची कळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर होकार. डावी पडली तर नाही.
आज सकाळपासून वाट पाहिली. मंडळी आली दुपारी. भाऊसाहेबांची जीप करमाळ्याच्या रस्त्याला बंद पडली होती म्हणे. मी म्हटले, उद्या पहाटे लावू. ते म्हणाले, "आत्ताच लावा आबा, मान्सं जमलीत. देवाला काय येळकाळ?" सगळे हो म्हणाले. उपास होताच. अंघोळ केली, ओल्या धोतराने आत गेलो. कण्हेरीच्या कळ्या. मोठ्याने विचारले, बारवेच्या पायऱ्या बंद करू का? करायच्या तर उजवा दे.
झरोक्यातून थेट डाव्या कळीवर फुफाट्यासारखा वारा येत होता. फळी खाली भिंतीला टेकून होती. हात लांब केला असता तर लागली असती.
डावी पडली.
"डावा आला, डावा आला," बाहेरपर्यंत गेले. भाऊसाहेबांनी डोळे मिटून हात जोडले. खोटे जोडले असे मला म्हणवत नाही. डॉक्टर सभामंडपाच्या पायरीवर बसले होते, बूट घालून निघून गेले. उंबऱ्याशी महादू. त्याने झरोक्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

१ मार्च
महादू जेवताना म्हणाला, "आबा, कौल सकाळी लावायचा असतो ना?"
मी म्हटले, देव वेळ बघत नाही.
बोलल्यावर कळले, हे शब्द माझे नव्हते.

१६ मार्च, पाडवा
गुढी उभारली. कडुनिंबाला पाला चांगला आहे.

२२ मार्च
चावडीतले सिमेंट ट्रकमध्ये भरून दुसऱ्या गावाला गेले. मुलांनी सांडलेली भुकटी पाण्यात कालवून बैल केले.
डॉक्टर देवळात आले. मी उठून उभा राहिलो. म्हणाले, "बाबा, तुमच्यावर राग नाही. मला फक्त वाईट वाटतं की मी आमदाराकडे गेलो, इंजिनिअरकडे गेलो, आणि तुमच्याकडे नीट आलोच नाही." राग असता तर बरे झाले असते. जाताना सौ.ला सांगून गेले की पाणी दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय पिऊ नका. तिने त्याच दिवशी जुने लुगडे फाडले.

९ एप्रिल
डॉक्टर अजून वर कळवत आहेत. नगरला दोनदा जाऊन आले. गावातल्या मंडळींना ते आवडलेले नाही. पारावर ऐकले, "कौल झाला तरी ह्याची कटकट चालूच. देवापेक्षा शहाना लागून गेला."

१९ जून
निवडणूक होऊन गेली. भाऊसाहेब निवडून आले. गुलाल देवळापर्यंत आला, नंदीच्या पाठीवर अजून आहे.
डॉक्टरांच्या बदलीचा कागद आला. लांब, डोंगराकडे कुठेतरी.

२६ जून
मिरजगावपर्यंत डॉक्टरांना पोहोचवायला मी आणि महादू गेलो. एक ट्रंक, एक वळकटी. एस.टी.ची वाट पाहत बाकावर बसलो. चहा त्यांनीच पाजला. महादूला म्हणाले, "या उन्हाळ्यात जे प्यायलात ते पुढच्या उन्हाळ्यात दिसेल. पाय दुखला, फोड आला, तर काम बंद. दोरा ओढायचा नाही. कितीही वाटलं तरी ओढायचा नाही."
गाडी आली. मला नमस्कार करायला वाकले. मी पाय मागे घेतले.

१४ ऑगस्ट, श्रावणी सोमवार
पाऊस नाही. कण्हेर वाळली. रुईची फुले वाहिली. दवाखान्यात नवा डॉक्टर अजून नाही.

८ नोव्हेंबर
खरीप गेले. बलुते कुणाकडे मागणार, त्यांच्याच घरात नाही. महादू आजपासून दुष्काळी कामावर, खडी फोडायला. गुरवाचे पोर खडी फोडते म्हणून सौ. रडली. तो म्हणाला, "आई, दगडाच्या देवाची सेवा आणि दगडाचीच. काय फरक पडतोय."

५ जानेवारी १९७३
बारवेत चिखल उरला. आता टँकर येतो आणि पाणी बारवेतच सोडतो. सगळे गाव एकदम खाली धावते. पाणी तळाला, म्हणून पाय पूर्वीपेक्षा खोल जातात. त्यात चिंध्या बांधलेले पायही.
बौद्धवाड्यातला आड आटला. त्यांच्या बायका आता बारवेच्या तोंडाशी रिकामे हंडे घेऊन उभ्या. कुणाला दया आली तर वरून ओततो.
लहानू भेटला. म्हटले, सरकारी टँकर आहे, उतरा ना खाली.
"उतरलो तर उद्या टँकर यायचा न्हाई, आबा. आन् आमी तुमच्या देवाला आता काही विचारत न्हाई, सोळा-सतरा वर्सं झाली. पर तुमचा देव आमच्या पान्याचं ठरवतोच हाय."
 दोन घागरी मी भरून दिल्या. त्याने घेतल्या. मागाहून मनात आले, हेच पाणी मी त्याच्या घरी पोहोचवले.

१८ फेब्रुवारी
दवाखान्यात मोठा मांडव. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनचे शिबिर. बाहेरून डॉक्टर आले, एका दिवसापुरते. नर्सबाई, कंपाउंडर, मुकादम, तलाठी, सगळे माणसे गोळा करण्यात. जीप रात्रंदिवस पळते आहे. मी कंपाउंडरला विचारले, नारूचे काय? गावात या साली फार दिसतो.
"आबा, वरून रोज विचारत्यात केसेस किती झाल्या. केसेस म्हंजी ऑपरेशनच्या. नारूचं आजवर कुनी विचारलं न्हाई. विचारलं न्हाई तर त्यो न्हाईच."
चांगला माणूस आहे. त्याच्या स्वतःच्या पायाला नारू आहे.

१९ मार्च, सोमवार
महादूच्या उजव्या गुडघ्याच्या आत फोड आला. आग होते म्हणतो. सौ.ला सांगू नका म्हणाला. तिला माझ्याआधीच माहीत होते.

२० मार्च
लिहवत नाही. तरी लिहितो.
सौ. सकाळी चुलीपुढे बसून म्हणाली, "मी येक घोटबी गाळल्याशिवाय दिला न्हाई. वर्सभर. शेतावर न्यायचा तांब्यासुदीक गाळून दिला. मंग आलं कुठून?"
मी पूजेला गेलो. अभिषेकाचे पाणी पंचपात्रात घेतले, पळी उचलली, आणि हात थांबला.
तीर्थ.
देवाचे पाणी गाळायचे असते हे माझ्या मनात कधी आलेच नाही. देवाचे ते, त्यात काय असणार. बारवेतून घागर, घागरीतून देवावर, देवावरून पळीने माणसाच्या हातावर. महादू कामावर जाण्यापूर्वी रोज उजवा तळहात पुढे करायचा. रोज मी घातले. त्याने डोळ्यांना लावून प्यायले.
आणि एकट्याच्याच हातावर नाही.

२१ मार्च
आजपासून देवाची घागर गाळून भरली. देवा, यात तुझा काही अपमान असेल तर तो माझ्या माथी.
सौ.ला सांगितले नाही. तिने फडके देवळात पाहिले. जाऊन दुसरे आणून ठेवले.

२४ मार्च
दोऱ्याचे टोक दिसले. काडीला गुंडाळून ठेवले आहे. रोज थोडे, जेवढे आपसूक येईल तेवढेच. महादू डॉक्टरांचे बोलणे विसरलेला नाही. पण घरी बसायला तयार नाही. खाडा झाला तर मुकादम नाव काढतो, बाहेर पन्नास माणसे उभी आहेत. मी मुकादमाकडे गेलो. तो म्हणाला, "आबा, हितं अर्धी मान्सं लंगडीच हायेत. समद्यांना घरी बसवलं तर रस्ता तुमचा महादेव करनार का?" मग ओशाळून म्हणाला, बसून करायचे काम देतो.
बसून म्हणजे गुडघा मुडपूनच.

२९ मार्च
दोरा आत तुटला. दगड उचलताना काडी अडकली.

३१ मार्च
गुडघा नारळाएवढा. ताप. दवाखान्यात डॉक्टर नाही, जागा रिकामी आहे ती आहेच. कंपाउंडरने सुई दिली. नगरला न्या म्हणाला. जीप शिबिराला गेलेली.

१ एप्रिल
भाऊसाहेब गावात होते. कुणी सांगितले कोण जाणे, स्वतःची जीप घेऊन दारात आले. महादूचा पाय त्यांनी मांडीवर धरला, नगर येईपर्यंत. खड्डा आला की ड्रायव्हरला शिव्या. "सावकाश रं, जनावर न्हाई आनलं." त्यांच्या पांढऱ्या धोतरावर पू लागला. मी पुसायला गेलो, त्यांनी माझा हात बाजूला केला.
या माणसाला काय म्हणावे? जन्मभर ओळखतो आणि ओळखत नाही.

४ एप्रिल, पाडवा
नगर. वॉर्डात खाली अंथरूण. गुडघ्याला चीर देऊन निचरा केला. इथले डॉक्टर भले आहेत, घाईत आहेत. एकाने विचारले, "तुमच्याकडे डॉक्टर नाही का? आठवडाभर आधी आला असता तर..."  म्हटले, होते एक.
शेजारच्या खाटेवरचा शेवगावकडचा म्हातारा, त्यालाही नारूच. आमच्याकडे डॉक्टर आहे, पण औषध नाही म्हणाला. महादू तापात हसला. "दोघांचं मिळून एक दवाखाना होईल बाबा."

१३ एप्रिल
ताप उतरला. पाय राहिला. गुडघा वळणार नाही. डॉक्टरांनी महादूला सरळ सांगितले, तो लहान नाही. त्याने विचारले, "मांडी घालता येईल?" नाही. "पायऱ्या उतरता येतील?" काठीने, सपाटीवर चालता येईल. पायऱ्या जपून.
आमच्या घरात पिढ्यानपिढ्या मुलगा बापानंतर देवापुढे मांडी घालून बसतो आणि बारवेतून पाणी आणतो.

२० एप्रिल
घरी. लोक पाहायला येतात. प्रत्येकजण म्हणतो, देवाची इच्छा. मी मान हलवतो. परवा आलेल्यांपैकी तिघांच्या पायाला चिंधी होती.

२ मे
महादू ओट्यावर पाय लांब करून बसतो. मला वाटले होते एकदा तरी बोलेल. कौलाबद्दल, फळीबद्दल. तीर्थाबद्दल त्याला ठाऊक नाही, की आहे? देवळात गाळायचे फडके वाळत असते, ते तो पाहतो.  आज माझ्यासाठी फुले निवडून ठेवली.

११ मे
नवे साहेब तालुक्याला आलेत. दुष्काळी कामातून बारवांच्या पायऱ्या बंद करा असा वरून हुकूम आहे. सर्व गावांना. टँकरच्या पाण्याने नारू वाढला, वर्तमानपत्रात आले, विधानसभेत कुणी बोलले, म्हणून. जे सामंत डॉक्टर वर्षभर सांगून थकले ते एका कागदावर आले. काम आमच्या गावाला मंजूर, मजुरीसकट. गावालाही आता हवे आहे. मजुरी आहे म्हणून, आणि आता घरोघर कुणी ना कुणी आडवे आहे म्हणून.
अडचण एकच. देव नाही म्हणाला आहे.

१८ मे
भाऊसाहेब आले. महादूजवळ ओट्यावर बसले, त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग मला देवळात नेले.
"आबा, कौल फिरवून घ्यावा लागंल. गाव म्हनतं देव बोललाय, आता देवानंच मोकळं करावं. न्हाई तर ह्याच्यावरनं कोपंल."
मी निर्माल्य गोळा करू लागलो.
"ह्या येळेला सकाळी लावू. पार उजाडता. झरोका मिटून, समई असंल तिथंच असू दे." आणि गाभाऱ्याकडे नुसते पाहिले.
म्हणजे त्यांना ठाऊक होते. त्यांचे वडील माझ्या वडिलांजवळ तासन् तास बसत, ऐकले असेल. त्या दिवशी जीप खरेच बंद पडली होती का? विचारले नाही. काय म्हणाले असते? आणि झरोका त्यांना ठाऊक होता म्हणून मला ठाऊक नव्हता असे थोडेच आहे.
"आबा, चांगल्यासाठीच हाय," म्हणाले. तेवढे खरे आहे.

२० मे
लहानू वाटेत भेटला. "पुन्यांदा इचारनार म्हनं देवाला?"
हो.
"आन् पुन्यांदा न्हाई म्हनला तर?"
म्हटले, बघू.
"आमच्या नातीच्या घोट्याला फोड आलाय, आबा. आमच्या वाड्यातला पयलाच. आड हुता तवर न्हवता." रागावून बोलला नाही. हवापाण्याचे बोलावे तसा बोलला. तंबाखूची चिमूट पुढे केली. मी कधी घेत नाही, आज घेतली.

२४ मे
विचार करून डोके शिणले. समई जागेवर ठेवली, वारा नसला, तर उजवीकडची कळी ऊब लागून आधी सुटते. रोजच्या फुलांचे हे पंचवीस वर्षे पाहतो आहे. मग उजवा येईल, पायऱ्या बंद होतील, लहान मुलांचे पाय वाचतील. आणि पुन्हा एकदा माणसांनी ठरवलेले मी देवाच्या तोंडी घालीन.
उभे राहून सांगावे, की तो डावा कौल नव्हता, वारा होता? सांगितले तर पुढचाही कोण मानील? हुकूम आहे, पोलीस आणून पायऱ्या बुजवतील कदाचित. नाही तर वरची आळी आडवी येईल आणि काम पुन्हा दुसऱ्या गावाला जाईल. सिमेंट जाताना मी पाहिले आहे.
की फळीही लावावी, समईही काढावी, जसे बाबांनी सांगितले तसे, आणि खरेच विचारावे. गेल्या वेळी विचारलेच नाही. पण खरेच विचारले आणि तो नाही म्हणाला तर? हे पाप आहे का, की मला त्याच्या उत्तराची भीती वाटते?
सौ.ला बोललो, सगळे, तीर्थासकट. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मला म्हाईत हाय. महादूलाबी." बराच वेळ निवडत राहिली. "त्येनं सांगितलं हुतं, आबाला सांगू नगंस मला कळलंय म्हून."

२७ मे
उद्या कौल. आज बारवेत उतरलो नाही. वरूनच दोर-पोहरा टाकून देवाची घागर शेंदली. दोर लांब लागला, अर्धे पाणी सांडले. खाली उतरलेल्या बायका वर बघत होत्या. म्हातारी कोंडाबाई पायाला चिंधी गुंडाळून पायरीवर होती. म्हणाली, "असं काय करतासा आबा? देवानंच ठेवल्यात की पायऱ्या."
तिला म्हटले, थांब कोंडाबाई, तुझा हंडा दे वर, मी शेंदून देतो. तिला ते काही पटले नाही. हसली आणि पाण्यात उतरली.

२८ मे, सोमवार
अंघोळ झाली. अंगावर ओले धोतर. मंडळी जमायला लागली, तेवढ्यात या चार ओळी. रुईच्या दोन कळ्या पाण्यात टाकून ठेवल्यात. भाऊसाहेब आज वेळेवर आहेत. वरची आळी सगळी आहे. लहानू आत येत नाही, पण पिंपळाखाली येऊन उभा आहे, कडेवर नात, तिच्या घोट्याला नवी पांढरी चिंधी.
वारा नाही. समई जागेवर आहे, नेहमीसारखी.
महादू काठी टेकत गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत आला. गुडघा वळत नाही म्हणून पाय बाजूने फिरवून आत टाकला. मागच्या वेळी जिथे उभा होता तिथेच. झरोक्याकडे पाहिले, समईकडे पाहिले. मग हळूच, कुणाला ऐकू जाऊ नये असे, म्हणाला,
"आबा, फळी मी लावतो. समई काढू का?"
हाक मारत आहेत. मी त्याला अजून उत्तर दिलेले नाही.